जुन्या फियाट ११०० चे ओरिजिनल पार्ट कुठे मिळतील? इटलीहून मागवावेत का?

इटलीहून पिस्टन मागवू नका. तुमच्या प्रश्नात आजोबांची १९६६ सालची गाडी, आरसी बुकावर लिहिलेले 'फियाट ११०० डी' आणि त्या नावाने तिकडच्या विक्रेत्याकडून संच मागवण्याचा बेत वाचला आणि मला थेट आमच्या दाजींचाच आवाज ऐकू आला. म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे.

आमची गाडी १९६७ सालची. वडील गेल्यानंतर ती कोल्हापूरच्या घराशेजारच्या बोळात ताडपत्रीखाली अकरा वर्षे उभी होती. पुढे ती पुन्हा चालू करायचे ठरले आणि इंजिन उतरवले, तेव्हा सिलिंडर इतके झिजलेले निघाले की नुसत्या रिंगा बदलून भागण्यासारखे नव्हते. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका कारखान्याच्या खरेदी विभागात आयुष्य काढलेले गृहस्थ असल्याने त्यांनी हा विषय आपल्या अखत्यारीत घेतला. गाडी इटलीची, तेव्हा माल इटलीचाच हवा, नाहीतर गाडी दुरुस्त करण्याला अर्थ नाही, असे त्यांनी जेवणाच्या पानावर जाहीर केले. मी दोनदा म्हटले की आधी माप घेऊ. माप कशाला, नाव ठाऊक आहे ना, असे उत्तर मिळाले.

साडेतीन महिन्यांनी खोके आले. पिस्टन सुंदर होते, यात वाद नाही. एकेक तेलकट कागदात गुंडाळलेला आणि आरशासारखा चकचकीत. ते घेऊन आम्ही दोघे उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पिस्टन ब्लॉकच्या तोंडावर ठेवला आणि तो पातेल्यावरच्या झाकणासारखा वरच बसून राहिला. व्हर्नियर मापपट्टी लावली तर पिस्टन ७२ मिलिमीटर, आणि आमचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८. कारण असे की १९६२ ते १९६६ या काळात इटलीत विकल्या गेलेल्या ११०० डी चे इंजिन १२२१ सीसीचे होते, तर कुर्ल्याच्या कारखान्यातून त्याच नावाने बाहेर पडणाऱ्या गाडीचे १०८९ सीसीचे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, दोन्हींचा ७५ मिलिमीटरच. फरक सगळा बोअरचा. दाजी म्हणाले, ब्लॉक ७२ पर्यंत बोअर करून घ्या. मिस्त्रींनी ब्लॉकवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, मग भिंतच राहायची नाही."

त्यावर दाजींनी जे वाक्य उच्चारले ते मी अजून विसरलेलो नाही: "म्हणजे तुमची गाडीच ओरिजिनल नाही."

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही, ते आज देतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील फाटकातून ती गाडी जशी बाहेर पडली तेच तिचे मूळ रूप होय. तिच्यावर मद्रासच्या कारखान्यातला डायनॅमो असेल तर तो मद्रासचा डायनॅमोच ओरिजिनल. तो काढून त्या जागी इटालियन बसवणे म्हणजे आजोबांच्या फोटोला दुसऱ्याच्या आजोबांची पगडी चढवण्यासारखे आहे.

आमच्या इंजिनाचे काम शेवटी असे झाले की मिस्त्रींनी चारही सिलिंडरांत स्लीव्ह, म्हणजे आतून नव्या नळ्या, ठोकून बोअर पुन्हा ६८ वर आणला आणि मी पुण्याच्या नाना पेठेत तीन फेऱ्या मारून पद्मिनीचे, म्हणजे याच गाडीच्या पुढच्या अवताराचे, स्टँडर्ड पिस्टन मिळवले. ते ज्या दुकानात मिळाले तिथल्या वृद्ध मालकांनी मला आधी जुना पिस्टन दाखवायला सांगितले, तो हातात तोलून पाहिला आणि मगच शिडी लावून माळ्यावरचा खोका काढला. तुम्हीही जुना भाग पिशवीत घातल्याशिवाय घराबाहेर पडू नका, आणि नवा बसला तरी जुना भंगारात देऊ नका. दुसऱ्या एका दुकानात मला 'कंपनीचा माल' म्हणून दिलेली टायमिंग चेन तीन महिन्यांत ताणली होती. खोका जुन्या छापाचा होता, आतला माल मात्र कालपरवाचा.

तुमच्या इंजिनासाठी खरी खाण १९७४ पासून विकली गेलेली प्रीमियर पद्मिनी हीच आहे, कारण तिचे पेट्रोल इंजिन त्याच १०८९ सीसीच्या वंशातले. मुंबईत टॅक्सी म्हणून ती हजारोंनी धावत होती तोवर कुर्ला आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानदारांना तिचा माल ठेवणे परवडत होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, आणि आता माळ्यावर जे उरले आहे तेवढेच उरले आहे. म्हणून लवकर फिरा. माझे स्पष्ट मत असे की एखादी बंद पडलेली पद्मिनी कागदपत्रांसह अख्खीच विकत घ्यावी. ग्रिल आणि डॅशबोर्ड मात्र तिच्यावरून उचलू नका, ते वेगळे आहेत. ते तुमच्या गाडीचेच दुरुस्त करून घ्यावे लागतील, आणि दारांची हँडले जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतील तर क्रोमवाल्याला तसे आधी सांगा, नाहीतर त्याच्या ॲसिडच्या टाकीतून ती खड्डे पडून परत येतील.

हे सगळे ओरिजिनलचे पुराण ब्रेकला लागू नाही, हे आधीच लिहायला हवे होते. चाळीस वर्षे माळ्यावर पडलेला होजपाईप किंवा रबरी वायसर कितीही अस्सल असला तरी तो मेलेला असतो. रबर नवेच घ्या. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज नोंदणीचा 'व्हीए' मालिकेतला क्रमांक घ्यायचा विचार असेल, तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क आहे आणि मग गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. म्हणून इंजिन उतरवण्यापूर्वी इंजिन आणि चासीच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवा.

दाजींचे ते चार पिस्टन अजून माझ्याकडे, त्याच तेलकट कागदात आहेत. कोणाकडे इटलीतच बनलेली १२२१ सीसीची ११०० डी असेल तर कळवावे. पैसे नकोत, टपालखर्च तेवढा द्यावा. दाजींना मी विचारून ठेवले आहे.