अडीचशेचा पिवळा मीटर पुरेल का? हौशी इलेक्ट्रॉनिक्ससाठी मल्टीमीटर घेताना

तुम्ही विचारलंय की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, घरी आर्डुइनो, एलईडी, छोटे पॉवर सप्लाय असले उद्योग चालतात, बजेट दोन हजार, तर अडीचशेवाला पिवळा मीटर पुरेल की जरा चांगला घ्यावा, आणि घ्यायचाच तर त्यात बघायचं काय. माझं सरळ मत, चांगला घ्या.

मी पण डीटी८३०डीवरच, म्हणजे त्याच पिवळ्या मीटरवर शिकलो. एकदा ७८०५, म्हणजे कायम पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी, वापरून पाच व्होल्टचा सप्लाय बनवला, मीटर लावला तर ५.६. आता ७८०५ चं आउटपुट ४.८ ते ५.२ च्या आत यायला पाहिजे, म्हणून आयसी काढून दुसरा लावला, परत ५.६, मग कॅपॅसिटर बदलले, तिसरा आयसी लावला, त्या काढ-घालीत बोर्डाचा एक ट्रॅक पण उपटून आला, तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी मित्राचा मीटर आणून लावला तर ५.०२! सप्लाय पहिल्या दिवसापासून बरोबर होता, माझ्या मीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली होती. स्वस्त मीटरमध्ये बॅटरी उतरली की आतला रेफरन्स, म्हणजे ज्या व्होल्टेजशी तुलना करून मीटर आकडा काढतो तो, खाली येतो आणि रीडिंग कमी न होता उलट वाढतं, त्यामुळे पटकन लक्षातच येत नाही. सर्किट बिघडलं की आपण आयसीवर, सोल्डरवर, कोडवर, सगळ्यावर संशय घेतो, पण तो घ्यायला एक तरी वस्तू अशी लागते जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल, आणि ती म्हणजे मीटर.

आता काय बघायचं. पहिलं म्हणजे काउंट. पिवळा मीटर २००० काउंटचा, म्हणजे १९९९ पर्यंतच आकडा दाखवतो, त्यामुळे पाच व्होल्ट मोजायला २० च्या रेंजवर जावं लागतं आणि ५.०० एवढंच दिसतं. ६००० काउंटवाला तेच ५.०००, म्हणजे मिलिव्होल्टपर्यंत दाखवतो. पण शेवटच्या आकड्यावर फार जाऊ नका, कारण अ‍ॅक्युरसी वेगळी गोष्ट आहे. मॅन्युअलमध्ये ०.५ टक्के अधिक ३ डिजिट असं लिहिलेलं असेल तर पाच व्होल्टला २५ मिलिव्होल्ट आणि वर ३, म्हणजे ४.९७२ ते ५.०२८ मधलं काहीही दिसलं तरी मीटर बरोबरच आहे. दोन हजारांत ६००० काउंटचा ऑटोरेंज, म्हणजे रेंज आपोआप निवडणारा मीटर आरामात बसतो, त्याच्या वर काउंटसाठी पैसे घालायची तुम्हाला गरज नाही.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कंटिन्युटीचा बीप, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की मीटर देतो तो आवाज. हौशी माणूस मीटर सगळ्यात जास्त यासाठीच वापरतो, ब्रेडबोर्डची वायर तुटली का, सोल्डर लागलं का, दोन पिना चिकटल्या का. चांगला मीटर प्रोब टेकल्या टेकल्या बीप देतो, स्वस्तातला अर्धा सेकंद विचार करतो, आणि चाळीस पिनांवरून प्रोब फिरवताना तेवढ्या वेळात शॉर्ट हातून निसटतो. बॉक्सवर हे कुठेच लिहिलेलं नसतं, दुकानात हातात घेऊन प्रोब एकमेकांवर भराभरा टकटक करून बघायचं, दर टकटकीला बीप आला पाहिजे.

करंटचं मात्र नीट समजून घ्या. करंट मोजताना मीटर सर्किटमध्ये सिरीजला येतो आणि त्याच्या आतल्या शंटवर (करंट मोजायच्या छोट्या रिझिस्टरवर) आणि फ्यूजवर थोडा व्होल्टेज पडतो. ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड वायफाय चालू करताना काही शे मिलिअँप ओढतो, मिलिअँपच्या रेंजवर मीटर लावला की बोर्ड सारखा रिसेट होतो आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. अशा वेळी लाल लीड १० अँपच्या सॉकेटमध्ये लावा, तिथला शंट फार छोटा असतो. आणि मोजून झालं की लीड ताबडतोब परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, कारण लीड अँपमध्ये राहिली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात की तो थेट शॉर्टच. पिवळ्या मीटरच्या १० अँपच्या बाजूला बहुतेक वेळा फ्यूजच नसतो, बॉक्सवर तसं छापलेलं पण असतं. छोट्या बॅटरीवर असं झालं तर ठिणगीवर भागेल पण २३० व्होल्टवर नाही, म्हणून असल्या मीटरने घरातल्या स्विचबोर्डाला हात लावू नका, आत सिरॅमिक फ्यूज असलेला आणि कॅट ३ रेटिंगचा (घरातल्या वायरिंगवर मोजण्यासाठीच्या सुरक्षेच्या दर्जाचा) मीटर असेल तरच आणि तेही कोणी जाणकार शेजारी असताना.

ट्रू आरएमएसबद्दल, म्हणजे एसीचा आकार कसाही असला तरी बरोबर आकडा देणाऱ्या मीटरबद्दल सगळे विचारतात. साधा मीटर एसीची सरासरी काढून ती साइन वेव्ह आहे असं धरून आकडा दाखवतो, त्यामुळे स्क्वेअर वेव्ह ११ टक्के जास्त दिसते. तुमचं काम डीसीचं आहे, मिळाला तर घ्या, नाहीतर अडत नाही. फ्लूक कंपनीचा १०१ पण बरेच जण सुचवतील, मीटर मस्तच आहे पण तुमच्या बजेटबाहेर, आणि त्यात करंट मोजताच येत नाही हे आधी माहीत असू द्या. रिषभ आणि मोटवाने या मीटरच्या कंपन्या आपल्या नाशिकच्या, त्यांचा मीटर सेकंडहँड पण चांगल्या स्थितीत मिळाला तर जरूर बघा.

खरेदीला ऑनलाइनपेक्षा पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा, गाडी नेऊ नका, मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडईला उतरून चालत जा. खिशात एक टक्कावाले १ किलोओहमचे चार-पाच रिझिस्टर ठेवा, ब्राऊन-ब्लॅक-ब्लॅक-ब्राऊन-ब्राऊन पट्ट्यांचे. प्रत्येक ९९० ते १०१० च्या आत यायला पाहिजे, मीटरच्या स्वतःच्या चुकीपुरते पाच-सात ओहम इकडेतिकडे चालतील. मग ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना दाबा, ०.२-०.३ वर आकडा स्थिर राहिला तर लीड ठीक, आणि वायर हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर दुसरा पीस मागा, संकोच करू नका. मीटर पसंत पडला आणि लीड कडक प्लॅस्टिकच्या असतील तर वेगळ्या सिलिकॉनच्या घ्या, त्या मऊ असतात, बोर्ड ओढून पाडत नाहीत.

आणि तो पिवळा जर आधीच घरी असेल तर टाकू नका, नवी बॅटरी घालून ठेवा. नवा मीटर व्होल्टेजवर आणि पिवळा सिरीजमध्ये करंटला असे दोन्ही एकदम लावले की लोड वाढल्यावर सप्लाय किती बसतो ते समोरासमोर दिसतं, मी अजून तसंच करतो.