पटावर नाव, फडावर लेकरू

पोळा झाला की आमच्याकडं ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात, उचलीची, म्हणजे आगाऊ पैशांची, बोलणी सुरू होतात. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळं या दिवसांत कोणत्या घरातून पत्र येणार हे मला आधीच कळतं. या वेळी पहिलं पत्र तिथलंच घेते.

बाई, नात लिहायली अन् मी सांगायले. पोरगा-सून दसरा झाला की कारखान्याला जातात. मोठी नात सहावीत, मधली तिसरीत, नातू पहिलीत. मुकादम म्हणतो समद्यांना घेऊन चला, मोठी भाकरी करील, बारकं सांभाळील. गुरुजी म्हणतात ठेवून जा. माझे गुडघे गेलेत, तिघांचं होईना. शाळेत काही सोय असती का?
– एक आजी, धारूर तालुका

मावशी, सोय आहे. तिला हंगामी वसतिगृह म्हणतात. नावावरून मोठी इमारत डोळ्यांपुढं येईल, पण तसं नसतं. आईबाप तोडीला गेलेल्या लेकरांना आपल्याच गावच्या शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं, दुपारचा पोषण आहार असतोच. रात्री लेकरं आजी-आजोबांपाशी झोपतात. म्हणजे चुलीपुढं बसायचं तुमचं टळतं. शाळा व्यवस्थापन समिती हे चालवते.

पण त्यासाठी यादी लागते, आणि ती ट्रॅक्टर गावातून निघायच्या आधी व्हावी लागते. नातीकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घ्या: तिघांची नावं, इयत्ता, आईबाप कधीपासून जाणार आणि लेकरं कुणाजवळ राहणार. खाली तुमचा अंगठा चालतो. दोन प्रती करा, एक हेडसरांना द्या आणि दुसरीवर त्यांची सही-शिक्का घेऊन ती ट्रंकेत ठेवा. समितीत निम्म्या महिला असतात. त्यातल्या एकीला सोबत घेऊन गेलात तर आणखी बरं.

हे इतकं बारकाईनं सांगते त्याला कारण आहे. एका वर्षी माझ्या केंद्रातल्या एका शाळेची यादी वेळेवर वर गेली नाही. जेवण सुरू व्हायला जानेवारी उजाडला. तोवर यादीतली अकरा लेकरं फडावर, म्हणजे तोडीच्या उसात, गेली होती. त्यातली एक पोरगी पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, परत आली. दोन्ही हातांवर पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. चौथीत होती, दिवाळीआधी धडा वाचायची. फळ्यावर स्वतःचं नाव लिही म्हटलं तर पहिलं अक्षर काढून खडू धरून तशीच उभी राहिली. हजेरीपटावर तिचं नाव होतं तिथंच होतं. ती यादी मी स्वतः हातानं नेऊन द्यायला हवी होती. मला ते अजून सलतं.

तरीही पोरगा लेकरांना नेतोच म्हणाला, तर निघायच्या आधी शाळेतून प्रत्येकाचं शिक्षण हमी पत्रक घ्या. लेकरू कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की लेकराला बसवून घेतात आणि परत आल्यावर गावची शाळा पुन्हा सामावून घेते. तिकडं कुणी दाखला मागून अडवलं तर सांगा, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणं दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर मात्र लेकरं नेऊच नका असं मी स्पष्ट सांगेन. पहिलीचं पोरगं चार महिने कानडी वर्गात मुकं बसून राहतं.

मोठ्या नातीची मला जास्त काळजी वाटते. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, धरतात. ती पोरगी त्या हिशोबात कुठंच नसते, पण पहाटेच्या भाकरीपासून कोपीतल्या, म्हणजे खोपटातल्या, बारक्यापर्यंत सगळं तिच्यावर पडतं. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. त्यांची चौकशी बीडला समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात करायला पोराला जायच्या आधी एक दिवस पाठवा. आणि वयात आलेली पोर मागं कशी ठेवायची म्हणून कुणी लग्नाचं बोललं, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. फोनला पैसे पडत नाहीत.

मॅडम, मुलगा चौथीत आहे. तोंडी हिशोब पटापट करतो, पण वाचताना अडखळतो, अक्षरं गाळतो, एकेचाळीस लिही म्हटलं की १४ लिहितो. शाळेत त्याला ढ म्हणतात. एका नातेवाइकानं वेगळ्या शाळेत घाला असा सल्ला दिला. काय करावं?
– एक वडील, सेनगाव तालुका

भाऊ, आधी त्या १४ बद्दल. आपण एकेचाळीस म्हणताना एक आधी बोलतो आणि चाळीस नंतर, म्हणून लेकरू ऐकलं तसं एक आधी लिहितं. पहिली-दुसरीत हे कितीतरी पोरांचं होतं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘चाळीस एक’ असं वाचन दिलं ते याचमुळं, आणि त्यावर केवढा वाद झाला तो तुम्हाला आठवत असेल. एवढ्यावरून पोराला काही झालंय असं समजू नका. पण चौथीतही ते सुटत नसेल, सोबत वाचनही अडत असेल, तर दुर्लक्षही करू नका.

सगळ्यांत आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि जमलं तर तुम्हीही जा. पथक यायला वेळ असेल तर ग्रामीण रुग्णालय गाठा. दोन्ही ठीक निघालं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या की गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडून मुलाची तपासणी व्हावी. हे शिक्षक तालुक्याला असतात. बहुतेक पालकांना ते माहीतच नसतात, कारण त्यांना बोलावल्याशिवाय ते तुमच्या गावात कधी येतील याचा भरवसा नाही. एकेकाकडं शाळाच तेवढ्या असतात.

वेगळ्या शाळेची घाई करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात किंवा हिशोबात येणारी अडचण, हा त्यातला एक. अशी अडचण लवकर ओळखून मुलाला मदत करायची, ही जबाबदारी त्याच कायद्यानं शाळेवर टाकली आहे. प्रमाणपत्र मिळालं तर पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत मंडळाकडं अर्ज जावा लागतो, तेव्हा आत्तापासून प्रत्येक कागद एका फाइलीत लावत चला.

आणि ढ हा शब्द. हेडसरांना भेटून शांतपणे सांगा की हा शब्द माझ्या पोरासाठी वापरायचा नाही. बाजारच्या दिवशी त्याला सोबत न्या, भाजीचा हिशोब त्यालाच करू द्या. त्याला येतं ते चारचौघांत दिसू द्या.

बाई, धाकटी बहीण सातवीत आहे. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची सहा किलोमीटरवर. घरचे बंद करू म्हणतात. तिला नवोदयची परीक्षा देता येईल का?
– एक ताई, मुखेड तालुका

ताई, नवोदयला सहावीत जाण्याची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, ती वेळ गेली. नववीसाठी रिकाम्या जागांची परीक्षा आठवीत असताना देता येते, पण जागा थोड्या असतात. भरवसा त्यावर ठेवू नका.

आठवीपर्यंतचं शिक्षण तिचा कायद्यानं हक्क आहे आणि राज्याच्या नियमात सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत धरली आहे. तुमचं अंतर दुप्पट. तेव्हा वाहतूक भत्त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या, शाळेच्या मुलींसाठीच्या निळ्या बसचा मार्ग तुमच्या गावावरून आहे का, तेही आगारात विचारा. रोजचं जाणं-येणं घरच्यांना नकोच असेल तर कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचा विचार करा, तिथं मुलींची राहण्या-जेवण्यासह सोय असते.

आणि आठवीत गेली की तिला एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवाच. सरकारी किंवा अनुदानित शाळा, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) हवेत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये तिच्या नावावर येतात. सातवीची वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे, ते ५५ टक्के तिला आत्ताच सांगून ठेवा.