यामाहा आरएक्स १००ला मोठा कार्बोरेटर लावण्याआधी

मित्रा, पोर्टिंग केलंस (सिलिंडरमधल्या वाटा कोरून मोठ्या केल्यास) म्हणून लगेच २८ एमएमचा कार्बोरेटर घेऊ नकोस. ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकला इतकं मोठं तोंड दिलं की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, जेटमधून (कार्बोरेटरमधल्या बारीक छिद्रातून) पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी गुदमरते. रोज चालवायची असेल तर २४ एमएम भरपूर झाला, मी तोच ठेवलाय.

खरं काम जेटिंगचं, म्हणजे योग्य मापाचा जेट निवडण्याचं. मेन जेट मोठ्यापासून सुरू कर, एकेक नंबर खाली ये. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलला क्लच दाबून लगेच इंजिन बंद कर आणि स्पार्क प्लग काढून बघ. चॉकलेटी रंग हवा. पांढरा दिसला तर मिक्श्चर लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), तशी पुढे पळवू नकोस, पिस्टन सीझ (जाम) होईल. आणि एअर फिल्टर काढू नकोस रे, प्लीज.