ईएफ नॉर्मल, पाय सुजलेले नाहीत, मग हार्ट फेल्युअर कसं?

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दम लागतो म्हणून सत्तरीच्या एका आजींना ॲडमिट केलंय. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के, पायांवर सूज नाही. तरी केसपेपरवर हार्ट फेल्युअर लिहिलंय आणि रोज वजन घ्यायला सांगितलंय. ते कशासाठी?
– एक परिचारिका, जि. धाराशिव

उत्तर : सिस्टर, हृदयाचा डावा कप्पा जेवढा भरतो त्यातलं किती रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडतं, एवढंच ईएफ सांगतो. वर्षानुवर्षं बीपी असलेल्या वयस्कर बायकांमध्ये हा कप्पा कडक होतो, नीट सैलावत नाही. भरतानाच दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांत जातो आणि दम लागतो. टक्केवारी मात्र चांगलीच दिसते. ४० किंवा त्याखाली ईएफ, हा झाला हार्ट फेल्युअरचा दुसरा प्रकार.

सुजेचं म्हणाल, तर झोपून असलेल्या पेशंटचं पाणी पायांत नाही, कमरेखाली उतरतं. कुशीवर वळवा, माकडहाडाच्या वर अंगठा दाबून धरा, खळगा राहतो का बघा. रात्री किती उशा लागतात, हेही विचारा; आडवं झाल्यावर दम लागतो का, ते त्यावरून कळतं.

पण माझा सगळा भर वजनावर. एक लिटर पाणी साठलं की काटा एक किलोने सरकतो. सूज नजरेला दिसेपर्यंत कितीतरी पाणी साठलेलं असतं. सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन घ्या. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. मी वॉर्ड इन्चार्ज असताना वजन टीपीआर चार्टवरच (ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर) लिहायला लावायचे. वेगळ्या वहीतलं वजन राउंडला कुणी बघत नाही.

लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) चालू असेल तर इनटेक-आउटपुट चोख ठेवा; त्याने पोटॅशियम उतरतं, म्हणून त्याच्या रिपोर्टवर लक्ष असू द्या. सोबत स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारंच दुसरं औषध) असेल, तर पोटॅशियम उलट वाढू शकतं. नातेवाईक प्रेमाने शहाळं आणतात, त्यातही पोटॅशियम असतं; ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

एकदम दम वाढला तर बसवा, पाय खाली सोडा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन लावा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

डिस्चार्जच्या वेळी पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या यांबद्दल सुनेशी बोला, स्वयंपाक तीच करत असेल तर. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतात का, हे आवर्जून विचारा; त्याने अंगात मीठ-पाणी साठतं. घरी काटा नसेल, तर उपकेंद्रात वजन करून घ्यायला सांगा आणि आजचं वजन डिस्चार्ज कार्डवर ठळक लिहून द्या.