पाचोळ्यातला कोळी, घाई नको

भाऊ, यावलच्या जंगलात पाचोळा चाळला आन् दोन मिलिमीटरचा कोळी निघाला, मस्तच! पण लगेच नवीन जात म्हणू नको, आधी तो पूर्ण वाढलेला हाये का बघ, पिल्लावरून जात ठरवणं अवघड. पूर्ण वाढलेल्या नराचे तोंडाजवळचे पाल्प (पायांसारखे दोन छोटे अवयव) बॉक्सिंग ग्लोव्हसारखे फुगलेले दिसतात, खरी ओळख तिथंच.

- वनखात्याची परवानगी आधी, चाळणी नंतर.
- कोळी टिकवायला ७० टक्के अल्कोहोल. रंग उडतो त्यात, म्हणून फोटो जिवंतपणीच.
- ठिकाण, तारखेची चिठ्ठी पेन्सिलनं, बाटलीच्या आत. मी बॉलपेननं लिहिलेलं, शाई विरघळली, वर्षभराची मेहनत कुठली तेच कळेना.

मग वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग उघड, म्हणजे जगभरातल्या कोळ्यांच्या जातींची ऑनलाइन यादी, फुकट हाये, जुनी वर्णनं ताडून बघ. डीएनएचं नंतर बोलू.