पॅलेटच्या स्प्रिंगांना हात लावू देऊ नका

तुमच्या घरच्या ट्रॅकर ऑर्गनवर (म्हणजे पट्ट्या नुसत्या दांड्यांनी झडपांना जोडलेल्या पाइप ऑर्गनवर) एक पट्टी दाबली की शेजारचा सूरही बारीक कण्हतो, तेही फक्त हीटर लावायच्या दिवसांत. आणि दुरुस्तीवाले पॅलेटच्या, म्हणजे पट्टी दाबल्यावर पाइपांकडे हवा सोडणाऱ्या झडपांच्या, स्प्रिंगा कडक करू म्हणतात. नका करू देऊ. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. (मी कारागीर नाही, नुसता मालक. तेवढं धरून वाचा.)

आधी सगळे स्टॉप (एकेक पाइपसंच चालू करायच्या खुंट्या) बंद ठेवून चार-पाच पट्ट्या एकदम दाबा. आवाज आला तर हवा स्लायडरपाशी, म्हणजे स्टॉपबरोबर सरकून पाइपांची भोकं उघडणाऱ्या पट्टीपाशी, निसटतेय. मग एकच स्टॉप ओढा, एकच पट्टी दाबा. शेजारची पट्टी जराही सोबत खाली जात नसेल आणि तरी शेजारचा सूर येत असेल, तर विंडचेस्टच्या (पाइपांखालचा हवेचा खोका, त्यात प्रत्येक पट्टीचा वेगळा कप्पा) दोन कप्प्यांत गळती असण्याची शक्यता जास्त. लाकूड सुकून फट पडते. स्प्रिंगेचा यात काय संबंध?

आमचा देखभालीचा करार ज्यांच्याशी होता त्यांनी मात्र आधी स्प्रिंगाच वाकवल्या. पट्ट्या जड झाल्या, कण्हणं तसंच. पुढच्या खेपेला विंडचेस्टच्या फळीवर खाचा पाडल्या. खाचेतून गळकी हवा बाहेर जाते, सूर गप्प बसतो, फट जिथल्या तिथे. यांच्या दप्तरी 'तक्रार निकाली'! खोलीत आर्द्रता किती, हे एकानेही विचारलं नाही. पत्र लिहिलं तर उत्तरात नवा फॉर्म. शेवटी दुसऱ्या कारागिराने सगळे पाइप उतरवून कप्प्यांत सरस ओतला आणि खाचा बुजवल्या. खरा खर्च तिथे झाला, आणि करारात तो बसत नव्हता म्हणे.

आर्द्रतामापक भिंतीवर नको, ऑर्गनच्या पेटीच्या आत, विंडचेस्टजवळ ठेवा. ४५ ते ६० टक्के असेल तर बरं. त्याखाली जात असेल तर आधी ह्युमिडिफायर, मग दुरुस्ती. उलट केलंत तर पुढच्या कोरड्या दिवसांत पुन्हा तेच. ब्लोअर, म्हणजे ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा, हवा कुठून ओढतो तेही बघा. माळ्यावरून किंवा तळघरातून ओढत असेल तर खोली कितीही जपा, विंडचेस्टमध्ये वेगळीच हवा जाणार. माझ्या मते ब्लोअरने हवा त्याच खोलीतली घ्यावी, थोडी घरघर ऐकू आली तरी चालेल.

आणि हो, या गडबडीत ट्यूनिंग करू नका. तापमान १ अंश सेल्सिअसने बदललं तरी फ्लू पाइपांचा (बासरीसारखे वाजणारे) सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकतो, रीड पाइप (धातूची पत्ती थरथरून वाजणारे) मात्र त्या प्रमाणात सरकत नाहीत. स्टॉप एकमेकांशी जुळत नाहीत असं वाटलं तर आधी थर्मामीटर बघा.