नागपुरात गेमिंग कन्व्हेन्शनमध्ये पहिल्यांदाच हाताने केलेली चित्रं आणि कीचेन विकायचे आहेत. काय तयारी करू?

छोट्या वस्तू जास्त कर. अशा ठिकाणी कॉलेजची मुलं येतात. पन्नास-शंभरचं स्टिकर किंवा कीचेन पटकन घेतात. एखादं मोठं चित्रही हवंच, लांबून तेच बघून माणूस टेबलाशी येतो.

माल आडवा पसरवू नकोस. मी पहिल्यांदा तसंच केलं आणि मागे उभ्या असलेल्यांना काही दिसेना. शेवटी शेजारच्या स्टॉलवाल्या दादाने दोन रिकामे खोके एकावर एक ठेवून वर चादर टाकून दिली. त्यावर प्रिंट उभ्या केल्या, मग कुठे लोक थांबायला लागले.

रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे कीचेन असतील तर उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नकोस. नागपूरचं ऊन आहे ते, रेझिन मऊ पडून वाकतं.

क्यूआर कोड मोठा छापून लाव. गर्दीत नेटवर्क अडकतं, म्हणून दहा-वीसच्या नोटाही जवळ ठेव.

आता महत्त्वाचं. गेममधल्या पात्रांच्या चित्रांवर कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मूळ हक्कदाराचा, बहुधा कंपनीचा, हक्क असतो. स्वतः हाताने काढलं म्हणून तो संपत नाही. काही कंपन्या फॅन आर्टचे, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या चित्रांचे नियम त्यांच्या साइटवर देतात, ते नीट वाच. लोगो तर वापरूच नकोस. खरं सांगू, निम्मा माल तरी स्वतःच्या पात्रांचा ठेव. संत्र्याची टोपली पाठीवर घेतलेला पिक्सेल योद्धा काढलास तर मी स्वतः घ्यायला येईन.